वर हिशेब द्यावा लागेल!

माणूस मेल्यावर कुठे जातो याबद्दल कळंबोलीत मतभेद आहेत. लोखंड घेऊन आलेला ट्रेलर कुठे जातो याबद्दल नाहीत. तो काट्यावर जातो. आधी भरलेल्या गाडीचं वजन, माल उतरला की खाली गाडीचं वजन, वजाबाकी, पावती, सही. काट्याच्या केबिनीत देवाचा फोटो असतो, शेजारी वैधमापन खात्याचं प्रमाणपत्र असतं. ड्रायव्हर फोटोला हात जोडतो आणि प्रमाणपत्रावरची तारीख बघून घेतो. दोन्ही कामं तो इतक्या सहज करतो की यातली श्रद्धा कुठली आणि संशय कुठला, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

तो प्रश्न आमच्यासारख्या रिकाम्या लोकांना पडतो. कळंबोली हे तसं हिशेबी गाव. सिडकोनं आखलेलं, सेक्टरांत कापलेलं, 2016 पासून पनवेल महापालिकेत मोडणारं. मुंबईतला लोखंडाचा धंदा इथे आला, त्याच्यामागून घाटावरचे माथाडी आले, कोकणातून कोकणी आले, ट्रेलरबरोबर अख्खा उत्तर हिंदुस्थान आला. प्रत्येकानं आपापला देव आणला आणि आपापला नरकही आणला. देवांमध्ये फरक आहेत. नरक मात्र सगळ्यांचा एकाच कामाचा : तो दुसऱ्यासाठी असतो.

आमच्या बिल्डिंगीसमोरच्या कट्ट्यावर हा विषय बारमाही आहे. चालवणारे दोघं. तळमजल्यावरचे तात्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे सर. तात्यांचा जन्म ट्रान्सपोर्टात गेला. गळ्यात तुळशीची माळ, खिशात अजूनही कुठल्या तरी गाडीची काटापावती. सर शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर शिकवायला कुणी उरलं नाही, म्हणून तात्यांना शिकवतात.

"वर हिशेब द्यावा लागेल!" हे तात्यांचं पेटंट वाक्य. ते मी नाना प्रसंगी ऐकलंय. गेटासमोर स्कूटर लावणाऱ्याला उद्देशून. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून गेलेल्या कंत्राटदाराला उद्देशून. गावची जमीन खाल्लेल्या चुलतभावाला तर रोज, तो तिकडे गावी असतानाही. पण "मला वर हिशेब द्यावा लागेल" असं तात्या कधी म्हणाल्याचं आठवत नाही. स्वतःबद्दल ते एवढंच म्हणतात, "आपण कुणाचं वाईट केलं नाही." मराठी माणसाचा वरच्या कोर्टातला बचाव या एका वाक्यात संपतो. कुणाचं भलं केलं असा दावा कुणी करत नाही. मग नावं सांगावी लागतात.

तर तात्या त्या कोर्टात फिर्यादी आहेत. आणि सर?

सरांच्या मते कोर्टच नाही. पण युक्तिवाद तयार आहे. बर्ट्रांड रसेलला म्हणे कुणीतरी विचारलं होतं, मेल्यावर खरंच देव समोर उभा राहिला तर काय सांगाल? रसेलचं उत्तर असं की, पुरावा अपुरा होता. सर या उत्तरावर खूश आहेत, मात्र त्यांच्या मते ते फार त्रोटक आहे. त्यांनी ते वाढवून साधारण पाऊण तासाचं केलंय. त्यात भूकंप आहेत, लहान मुलांचे आजार आहेत, डासांची उत्पत्ती आहे. सुनावणीत देवाची भूमिका बहुधा तात्यांना करावी लागते. जे कोर्ट मान्यच नाही त्याच्यापुढचं भाषण सरांनी इतकं घोटलंय की तात्यांनी हरिपाठही तेवढा घोटला नसेल. तात्या देवाचा विचार दिवसातून दोनदा करतात, दिवा लावताना. सर दिवसभर करतात.

म्हणजे एक फिर्यादी, एक वकील. आरोपीचा पिंजरा रिकामाच.

मध्यंतरी शेजारच्या विंगमध्ये एक आजोबा वारले आणि त्यांच्याकडे दहा दिवस गरुडपुराण बसलं. हे पुराण मेलेल्याच्या नावानं वाचतात आणि ऐकावं लागतं जिवंतांना. ज्यानं ऐकून सुधारायचं तो आधीच रस्त्याला लागलेला. सर भेटायला गेले ते दाराशीच उभे राहिले, कारण कानावर आकडे आले. यमपुरीचा मार्ग 86,000 योजनं. जीव दिवसरात्र चालवला जातो, रोज 247 योजनं. सरांनी घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला. योजन म्हणजे बारा-तेरा किलोमीटर धरलं तर दिवसाला तीन हजार किलोमीटर सहज होतात. भागिले चोवीस.

"ताशी सव्वाशेच्या आसपास," सर संध्याकाळी कट्ट्यावर विजयी मुद्रेनं म्हणाले. "एक्सप्रेसवेवर कारलासुद्धा शंभरची मर्यादा आहे. तुमच्या यमदूतांना चलान जाईल."

तात्यांनी तंबाखूची चिमूट सावकाश दाढेला लावली. "जाईल की. पण गाडी कुणाच्या नावावर आहे?"

ट्रान्सपोर्टातल्या माणसाशी वाद घालू नये.

त्याच पुराणात श्रवण नावाचे देव आहेत. माणूस एकांतात काय करतो ते ऐकून ते चित्रगुप्ताला कळवतात. आमच्या बिल्डिंगीत हे खातं पहिल्या मजल्यावरच्या मावशींकडे आहे. वैतरणी पार करायला गाईचं शेपूट लागतं, त्यासाठी गोप्रदान. लिफ्टमधून गाय आणणं अवघड, म्हणून तिच्या ऐवजी रोख निष्क्रय देतात, आणि हल्ली तो मोबाइलवरही चालतो. (खरी वैतरणा पालघरकडे आहे. तिच्यावरची धरणं मुंबईला पाणी पाजतात. कोट्यवधी लोक ती नदी रोज सकाळी दात घासताना पार करतात, गाईशिवाय.)

न्यायाची साधनं जगात वेगवेगळी आहेत. जुन्या इजिप्तमध्ये मेलेल्याचं काळीज तराजूत घालायचे आणि दुसऱ्या पारड्यात माअत देवीचं पीस. इस्लाममध्ये मीझान आहे, तोही तराजूच. युरोपातल्या जुन्या चर्चांच्या भिंतींवर सेंट मायकेल तराजू घेऊन उभा असतो. आपल्याकडे चित्रगुप्त, म्हणजे वही. हे असं का, यावर विद्वानांनी काय लिहिलंय मी शोधलं नाही, कारण तात्यांनी एका वाक्यात उलगडा केला : "काट्यावर भांडता येत नाही. वहीत मागची तारीख टाकता येते."

यावर मी बराच विचार केला आणि मला आपला सगळा धर्माचार नव्यानं दिसू लागला. एकादशी म्हणजे जमा. कार्तिकस्नान म्हणजे जमा. मुलाच्या लग्नात व्याह्याला बुडवलं, नावे. पाठोपाठ सत्यनारायण, परत जमा. आयुष्यभर खर्चाची बाजू फुगलेली आणि साठीनंतर अचानक तीर्थयात्रांच्या नोंदी, सगळ्या एकाच शाईत. शिवाय भागवतातला अजामिळ आहेच. जन्मभर पापं केली, मरताना मुलाला "नारायणा" म्हणून हाक मारली, आणि देवाचं नाव तोंडात आलं म्हणून विष्णुदूतांनी त्याला यमदूतांच्या हातून सोडवलं. सर म्हणतात, तांत्रिक मुद्द्यावर सुटला. तात्या म्हणतात, निकाल तो निकाल. अडचण पुढच्या पिढीची आहे. आमच्या बिल्डिंगीतल्या पोरांची नावं आता कियान आणि रियांश आहेत. शेवटच्या क्षणी "कियान" अशी हाक मारली तर वरून कुणी धावत येईल याची शाश्वती कोण देणार?

वरचा न्याय कधी कधी खालीच होतो, असंही तात्यांचं म्हणणं. 26 जुलै 2005 ला कळंबोलीत पाणी शिरलं तेव्हा ते म्हणाले होते, पाप फार झालं होतं. सरांनी विचारलं, मग देवाचा कोप तळमजल्यापर्यंतच कसा? पापं वरच्या मजल्यांवरही चालतात. तात्या स्वतः तळमजल्यावर. फ्रिज तरंगताना त्यांनी डोळ्यांनी बघितलेला. त्यांना हा मुद्दा झोंबला. मग सरांनी खाडीकाठची सखल जमीन, भरती आणि पावसाचं पाणी थोपवून धरणारे तलाव यांवर व्याख्यान दिलं. हा वाद काही कळंबोलीत जन्मलेला नाही. 1934 च्या जानेवारीत बिहारला भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. रवींद्रनाथांना ते अजिबात पटलं नाही, आणि अस्पृश्यतेला त्यांचाही विरोध असताना त्यांनी तसं जाहीर लिहिलं. तात्यांनी हे सगळं ऐकून घेतलं. पाणी उतरल्यावर मदतीचा फॉर्म भरताना त्यांना कुणी पाप-पुण्य विचारलं नव्हतं, रेशनकार्ड विचारलं होतं. मला वाटतं त्या प्रश्नावर त्यांचं मत तेव्हापासून थोडं हललंय. पण कबूल करणार नाहीत.

आता खरी गोष्ट. मेल्यानंतरच्या तारखेची वाट न बघता देवाचा निकाल इथेच मागण्याची पद्धत आपल्याकडे होती, आणि तेव्हा आरोपीचा पिंजरा रिकामा नसे. शिवकाळात, पेशवाईत पाटीलकी-देशमुखीचं भांडण गोतसभेपुढे जाई. कागद जळालेले, साक्षी फुटलेल्या, काही उमगत नाही अशा वेळी दिव्य. रवा दिव्यात तेल-तूप कढवून त्यात धातूचा तुकडा टाकत, तो रवा. देवळासमोर, गावादेखत तो हातानं काढायचा. आधी नखं कापून हात नीट बघून घेत. रवा काढला की हाताला पिशवी बांधून वर मोहोर. दोन-तीन दिवसांनी मोहोर फोडून पिशवी सोडायची. हात साफ असला तर माणूस खरा. फोड आले असले तर खोटा, आणि पाटीलकीवर पाणी. निकाल महजरात लिहून ठेवत. स्मृतिग्रंथांत तर तापल्या लोखंडाचंही दिव्य आहे : तळहातांवर पिंपळाची सात पानं, त्यावर लालभडक गोळा, आणि आखलेल्या मंडलांमधून चालत जायचं. ज्यांनी लोखंड बाजारात चार दिवस काढलेत त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

हे मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा दोघंही उठून बसले.

"तेव्हाची माणसं खरी होती," तात्या म्हणाले.

"तेव्हाचे पुजारी हुशार होते," सर म्हणाले. "जाळ किती घालायचा ते कोण ठरवत होतं?"

यात गंमत अशी की दोघांचंही बरोबर असू शकतं. पीटर लीसन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 2012 मध्ये युरोपातल्या अशाच दिव्यांवर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. आरोपी श्रद्धाळू असेल आणि खोटा असेल, तर तो दिव्याला तयारच होणार नाही. देव भाजणार हे त्याला माहीत आहे. तो आधीच कबूल करेल किंवा तडजोड करेल. जो हात पुढे करतो तो बहुधा निर्दोष. हे पाद्र्यालाही कळतं, म्हणून तो जाळ बेतानं ठेवतो. तेराव्या शतकातल्या हंगेरीतल्या एका चर्चच्या नोंदी शिल्लक आहेत, त्यात तापलं लोखंड हातात घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त सुटलेत. तापलेलं लोखंड! हे ऐकून तात्या म्हणाले, बघा, देवानं खऱ्याला सोडलं. सर म्हणाले, बघा, पाद्र्यानं गोळा गार केला. एकाच आकड्यावर दोघंही इतके समाधानी मी प्रथमच बघितले.

मग सरांच्या लक्षात एक गोची आली. या पद्धतीत नास्तिकाचं काय? देव वाचवेल यावर त्याचा विश्वास नाही. म्हणजे तो निर्दोष असला तरी उकळतं तेल बघून नकोच म्हणणार, आणि नको म्हणाला की गुन्हेगार ठरणार. "म्हणजे मी काही न करता अडकलो असतो," सर हळहळले.

"म्हणून सांगतो," तात्या म्हणाले, "थोडं तरी मानत चला."

या शतकातही जातपंचायतीच्या नाहीतर घरच्यांच्या धाकानं उकळत्या तेलातून नाणं काढायला लावल्याच्या बातम्या आपल्याकडे आल्या. हात बाईचा, संशय नवऱ्याचा. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं 2016 चा कायदा केला, तो उगाच नाही. त्या विषयावर कट्ट्यावर कुणी कोटी केली नाही, मीही करत नाही.

कोकणातल्या मंडळींनी या बाबतीत सौम्य मार्ग काढलाय. ते देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी दर मे महिन्यात गावी जाऊन कौल घेऊन येतात. नाही आला तर? "मग वेगळ्या शब्दांत विचारतात," वहिनी म्हणाल्या. जिल्हा न्यायालयातही इतकी सोय नाही.

तुकोबांच्या वह्यांचा खटलाही एका परीनं दिव्यावरच सुटला : इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. तात्यांना या कथेत भौगोलिक रसही आहे. कळंबोलीला सुरू होणारा एक्सप्रेसवे 94.5 किलोमीटर जाऊन देहूरोडजवळ किवळ्याला संपतो. तुकोबा वैकुंठाला गेले ते देहूहून. म्हणजे आमच्या सर्कलपासून वैकुंठापर्यंत पक्का रस्ता आहे, मध्ये टोल आहे इतकंच.

माणूस न्यायाला खरोखर किती भितो हे बघायचं तर याच रस्त्यावर बघावं. तात्यांच्या जावयाच्या गाडीत डॅशबोर्डवर गणपती आहे. सगळ्यांच्याच गाडीत असतो तसा : तोंड ड्रायव्हरकडे, पाठ रस्त्याकडे. रस्त्यावर काय आहे हे त्याला दिसतच नाही, ड्रायव्हर काय करतोय एवढं दिसतं. म्हणजे देव बघतोय, हातभर अंतरावरून. जावई त्याच्या डोळ्यादेखत एकशे वीसनं जातात. पुढे कॅमेऱ्यांची कमान दिसली की नव्वद. कमान गेली की परत एकशे वीस. 2024 मध्ये हे नवे कॅमेरे सुरू झाल्यापासून त्यांना इतकी चलानं आलीत की गणपतीशेजारी आता एक ॲप सांगतं, पुढे कॅमेरा आहे. आणि चलानं ते भरत नाहीत. लोकअदालतीची वाट बघतात, तिथे काही कमी करून मिळेल म्हणून. श्रद्धाळूंची वरच्या कोर्टाकडूनही हीच अपेक्षा आहे असा मला दाट संशय आहे. न्याय नको, तडजोड हवी.

सरांच्या गाडीत देव नाही. ते शंभरच्या आत चालवतात. यावरून नास्तिक नीतिमान असतात असं त्यांना म्हणायचं असतं. पण त्यांची गाडी जुनी आहे, नव्वदला तिचं स्टिअरिंग थरथरतं. आणि ती नवी घेतली तेव्हा चाकाखाली लिंबू चिरडलं होतंच. "शोरूमची प्रोसीजर आहे," सर म्हणतात.

नास्तिकांतही पंथ असतात. अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1989 ची. तिचे नरेंद्र दाभोलकर सांगायचे की आमचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावावर चाललेल्या लुबाडणुकीशी आहे. त्याच व्यासपीठावर शेजारी बसलेले श्रीराम लागू सांगायचे की देव हीच सगळ्यात मोठी अंधश्रद्धा, त्याला आता निवृत्त करा. दोघांनी हा जाहीर वाद-संवाद गावोगाव केला. सर लागूंच्या बाजूचे. तात्यांचा प्रश्न एकच होता : "निवृत्त केलं तर पेन्शन जुनी की नवी?" स्वतः जुनी पेन्शन घेणाऱ्या सरांनी विषय बदलला. दाभोलकरांचा विषय मात्र सर बदलू देत नाहीत. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. निकाल वर लागणारच होता तर खाली कुणाला एवढी घाई झाली होती, असं सर विचारतात. तेव्हा तात्या तंबाखू मळत राहतात, लावत नाहीत.

सरांचा आदर्श आगरकर. पुण्याच्या लोकांनी त्यांची प्रेतयात्रा ते जिवंत असतानाच काढली होती. 1895 मध्ये ते गेले तेव्हा उशाशी एका पुडीत स्वतःच्या दहनाचे पैसे निघाले, असं सांगतात. वर हिशेब द्यायचा नाही असं मानणाऱ्यानं खालचा हिशेब इतका चोख ठेवावा, हे सरांना फार भावतं. म्हणून त्यांनीही तजवीज केली. मेडिकल कॉलेजचा देहदानाचा फॉर्म आणला. दहावं नको, तेरावं नको, कावळ्याची वाट बघणं नको. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, बरं, पण चौदाव्या दिवशी लोक जेवायला येतील त्यांना गोड काय करायचं ते आत्ताच सांगून ठेवा.

तात्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "शरीर पोरांना शिकायला देणार?"

"हो. निरुपयोगी विधींपेक्षा—"

"केवढं पुण्य आहे हो हे!" तात्या म्हणाले. "मलाही एक फॉर्म आणा."

सर आठवडाभर अस्वस्थ होते. त्यांच्या मते तात्या योग्य गोष्ट संपूर्ण चुकीच्या कारणासाठी करत होते. त्यांनी तात्यांना बसवून समजावलं की यात पुण्य वगैरे काही नाही, ही फक्त शरीररचनाशास्त्राची गरज आहे. तात्या म्हणाले, तुम्ही नाही म्हटल्यानं जमा खोडली जात नाही. शेवटी फॉर्म भरला गेला. मुलगा पुण्याला, सून कामावर. दोन साक्षीदार हवे होते. एक मी झालो. दुसऱ्या जागी सरांनी सही केली, चष्मा पुसून, खाली तारीख घालून.

"झालं," तात्या फॉर्म घडी करत म्हणाले. "आता वर विचारलं तर साक्षीदार तुम्ही."

"मी वर येणार नाही," सर म्हणाले.

"समन्स निघेल."